लांडग्याचं पाऊल

रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते जमवलं कसं, हे मात्र धड्यात येत नाही. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिलेली मंडळी गोविंदप्रभूंच्या सेवेला रिद्धपुरी येऊन राहिली. नागदेवाचार्य स्वामींच्या लीळा आठवत बसत. म्हाइंभटांनी त्या लिहून ठेवायचं मनावर घेतलं. आचार्यांच्या आठवणीतलं सगळं उतरवून घेतल्यावरही ते थांबले नाहीत. जी लीळा ज्याच्या समोर घडली त्याला गाठायचं, त्याच्याच तोंडून ऐकायचं, यासाठी ते गावोगाव हिंडले. कुठे घडलं? कोण होतं तिथे? आधी काय झालं, मग काय? शके १२०० च्या सुमारास हा ग्रंथ आकाराला आला. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि लीळा पुन्हा स्मरणातून उभ्या कराव्या लागल्या, तेव्हाही एकाला एक आठवलं आणि दुसऱ्याला दुसरं, तर ते वेगवेगळे पाठ महानुभाव पंथाने जपून ठेवले. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ असा माणसांना विचारत विचारत तयार झाला.

रिद्धपूरच्या या विचारण्याची आठवण मला एका अगदी निराळ्या इतिहासात सारखी येते. तो इतिहास एका दुर्मीळ कर्करोगाचा आहे. मूत्रपिंडात लघवी जिथे गोळा होते ते नरसाळं आणि तिथून मूत्राशयापर्यंत उतरणारी मूत्रवाहिनी, या वरच्या वाटेचा हा कर्करोग. नरसाळ्यापासून मूत्राशयापर्यंत आतून एकच अस्तर असतं. त्या अस्तराचे बहुतेक कर्करोग मूत्राशयात होतात. वरच्या वाटेच्या वाट्याला शंभरातले जेमतेम पाच ते दहा येतात. पण जे येतात ते वाईट असतात. मूत्राशयाची भिंत जाड, स्नायूंची. मूत्रवाहिनीची भिंत पातळ. त्यामुळे निदान होतं तेव्हा वरच्या वाटेच्या सुमारे दोन तृतीयांश गाठी अस्तर ओलांडून आत शिरलेल्या असतात. मूत्राशयात हे प्रमाण शंभरात १५ ते २५ एवढंच आहे. म्हणून या रोगात धोका आधी ओळखण्याला मोल आहे. तो ओळखायला जग कसं शिकलं, ती गोष्ट प्रयोगशाळेत कमी आणि शेतात, गिरणीत, कारखान्यात, स्वयंपाकघरात जास्त घडली.

पहिला धागा मूत्राशयाच्या बाजूने हाती लागला. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी मूत्राशयात गाठ झालेल्या रोग्यांना पोटापाण्याचा धंदा विचारला. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग करणाऱ्या कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांना हा आजार होता. एवढ्या छोट्या जागेत एवढी मोठी संख्या योगायोगाने येत नाही. हातापायांना लागणारा रंग, नाकातोंडात जाणारी वाफ, रक्तातून लघवीत उतरणारं विष आणि तासन्‌तास त्या लघवीत भिजणारं अस्तर, ही साखळी रेन यांनी ताडली. पुढची शंभर वर्षं या साखळीला नवनव्या कड्या जोडल्या गेल्या. तंबाखूचा धूर ही त्यातली सगळ्यांत मोठी कडी.

दुसरा धागा स्वीडनमधल्या हुस्कवार्ना गावचा. बंदुका आणि शिवणयंत्रं करणाऱ्या कारखान्याचं हे गाव. १९१८ च्या तापाच्या साथीत कारखान्याचे डॉक्टर योर्टन यांनी कामगारांना एक पूड दिली. तिच्यात फेनासेटिन, फेनाझोन आणि कॅफिन होतं. साथ गेली, पूड राहिली. अंग दुखलं की पूड, पाळीवर जाताना पूड, दुखत नसलं तरी पूड. पुडीची पाकिटं लोक एकमेकांना भेट म्हणून देत. काही दशकांनी तिथे मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरू लागली. १९६१ साली स्वीडनने हे औषध चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. १९६५ साली तिथल्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं की अशा खराब झालेल्या मूत्रपिंडांच्या नरसाळ्यात कर्करोगही होतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीला सरकारी दवाखान्यातली एपीसीची पांढरी गोळी आठवत असेल. ए म्हणजे ॲस्पिरिन, सी म्हणजे कॅफिन, आणि मधला पी म्हणजे हेच फेनासेटिन. भारतात त्यावर १९८३ साली बंदी आली. ताप, डोकेदुखी, कंबरदुखी, कशालाही ती गोळी दिलेली आपण पाहिली आहे, त्यामुळे हुस्कवार्ना मला परकं वाटत नाही.

खरी मोठी गोष्ट मात्र डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठची.

१९५६ साली बल्गेरियातल्या व्रात्सा भागातून डॉ. तान्चेव्ह यांनी आणि पुढच्याच वर्षी सर्बियातल्या लाझारेव्हात्सजवळच्या शोपिच गावातून डॉ. दानिलोव्हिच यांनी एका विचित्र मूत्रपिंडविकाराची नोंद केली. मग क्रोएशिया, बोस्निया, रोमानियातूनही तशाच नोंदी आल्या. रोगी शेतकरी, वय चाळिशी-पन्नाशीचं. रक्त कमी, तळहात तांबूस-पिवळे. रक्तदाब बराच काळ ठीक राहायचा, सूज नसायची, त्यामुळे माणूस दुखण्याची दखलच घ्यायचा नाही. शवविच्छेदनात मूत्रपिंडं सुकून आक्रसलेली निघायची. आणि या रोग्यांत नरसाळ्याच्या आणि मूत्रवाहिनीच्या गाठी इतर ठिकाणांपेक्षा कितीतरी पट जास्त, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना.

रोगाहून विचित्र होता त्याचा नकाशा. एक गाव पिडलेलं, चार कोसांवरचं दुसरं ठणठणीत. त्याच गावात एका घरात तिघंचौघं, शेजारच्या घरात कोणीच नाही. लहान मुलांना हा रोग कधीच होत नसे. गाव लवकर सोडून गेलेला वाचायचा. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याला पंधरा-वीस वर्षांनी गाठायचा. रक्तातून येणारा रोग असता तर बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेला तो व्हायला नको होता. तिलाही व्हायचा. सासूला, सुनेला, दिराला, म्हणजे एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्यांना.

वऱ्हाडातल्या कोणाही बाईला हे नुसतं सांगितलं तर ती म्हणेल, काहीतरी खाण्यापिण्यातच असणार. शास्त्रज्ञांनाही तेच वाटत होतं, पण खाण्यापिण्यातलं काय, यावर चाळीस-पन्नास वर्षं गेली. विहिरींचं पाणी तपासलं. दानिलोव्हिच यांना पिठात मिसळणाऱ्या शिशाचा संशय होता. कोणी विषाणू शोधले, कोणी जमिनीखालच्या लिग्नाइट कोळशातून पाण्यात झिरपणारी द्रव्यं. साठवलेल्या धान्यावरच्या बुरशीचं विष, ऑक्राटॉक्सिन, हा सर्वांत जास्त काळ टिकलेला संशयित. १९६७ साली लंडनच्या सिबा फाउंडेशनने या एकाच रोगावर परिषद भरवली.

याच काळात मार्को इविच नावाच्या संशोधकाने निराळ्या दिशेला बोट दाखवलं. त्यांचं लक्ष विहिरीकडे न जाता गव्हाच्या शेतातल्या तणाकडे गेलं. अरिस्टोलोकिया क्लेमॅटिटिस हे ते तण. क्रोएशियात त्याला लोक म्हणतात ‘वुच्या स्टोपा’, म्हणजे लांडग्याचं पाऊल. हृदयाच्या आकाराची पानं, फिकट पिवळी नळीसारखी फुलं, आणि गहू पिकतो त्याच सुमाराला पिकणारी बोंडं. कापणी हाताने व्हायची, मळणी घरची, दळण गावच्या गिरणीत. तणाचं बी गव्हाबरोबर खळ्यात यायचं, गव्हाबरोबर दळलं जायचं आणि भाकरीतून पोटात जायचं. ते तण वाळल्या गवतात खाऊन घोड्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची नोंद त्या भागातल्या पशुवैद्यांनी आधीच केलेली होती. इविच यांनी सशांना त्या बियांचं पीठ खायला घातलं. सशांच्या मूत्रपिंडात तसाच बिघाड दिसला. १९६९ साली त्यांनी हे छापलं.

आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही. या इतिहासात मला सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच आहे. उत्तर शेताच्या बांधावर उगवत होतं, त्याला गावात नाव होतं, ते छापूनही आलं होतं. ते मान्य व्हायला जवळजवळ चार दशकं लागली. मधली कितीतरी वर्षं त्याच गावांतली माणसं तीच भाकरी खात राहिली.

मधल्या काळात बेलग्रेडचे मूत्ररोग-शल्यविशारद साव्हा पेत्कोव्हिच यांच्यापुढे रोज एक अवघड निवड उभी असे. या गाठीवरचा शास्त्रोक्त इलाज म्हणजे मूत्रपिंड, अख्खी मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जोडते तिथला भाग, सगळं काढून टाकणं. पण या रोग्यांची मूत्रपिंडं आधीच सुकत चाललेली, आणि गाठ उद्या दुसऱ्या बाजूलाही येईल अशी. एक मूत्रपिंड काढलं तर माणूस कर्करोगातून वाचून लघवीच्या विषाने मरायचा. पेत्कोव्हिच गाठ तेवढी काढून मूत्रपिंड राखू लागले, आणि १९७२ साली आपला अनुभव त्यांनी ब्रिटनच्या मूत्ररोगपत्रिकेत मांडला. कोणाचं मूत्रपिंड राखता येईल आणि कोणाचं राखणं जिवावर बेतेल, हा आज ठिकठिकाणी विचारला जाणारा प्रश्न त्यांच्या शस्त्रक्रियागृहात गरजेपोटी उभा राहिला होता.

कोडं सुटायला सुरुवात झाली ती शेतापासून दूर, ब्रुसेल्समध्ये. तिथे वजन उतरवण्याचा एक दवाखाना पंधरा वर्षं चालला होता, तक्रार नव्हती. मे १९९० मध्ये औषधाच्या मिश्रणात दोन चिनी वनस्पतींची भर पडली. १९९२ मध्ये एरास्म रुग्णालयाचे मूत्रपिंडतज्ज्ञ जां-लुई व्हानहेरवेघेम यांच्याकडे तरुण बायका येऊ लागल्या, मूत्रपिंडं झपाट्याने निकामी झालेल्या. दोघी-तिघी आल्यावर त्यांनी सगळ्यांना एकच विचारायला सुरुवात केली: गेल्या दोन वर्षांत काय काय घेतलंत? प्रत्येकीचं उत्तर त्याच दवाखान्यापाशी येऊन थांबलं. १९९३ साली त्यांनी पन्नाशीच्या आतल्या नऊ बायकांची हकीकत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. औषधाच्या पाकिटावर नाव होतं स्टेफानियाचं. चिनी भाषेत तिला ‘फांग-ची’ म्हणतात. पण बाजारात ‘ग्वांग-फांग-ची’ नावाची आणखी एक मुळी असते, आणि ती अरिस्टोलोकियाच्या कुळातली. एका शब्दाच्या सारखेपणामुळे पुडीत दुसरीच मुळी गेली होती. पुढे अशा रोग्यांची संख्या शंभराच्या आसपास गेली.

१९९४ साली बेल्जियमच्याच जां-पियेर कॉसिन्स यांनी या बायकांच्या मूत्रपिंडाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि लिहिलं की हे तर बाल्कनच्या शेतकऱ्यांच्या मूत्रपिंडासारखं दिसतंय. राजधानीतली सडपातळ व्हायला निघालेली बाई आणि सावा नदीकाठचा गहू कापणारा शेतकरी, दोघांच्या पोटात एकाच कुळाची वनस्पती गेली होती.

मग आली कर्करोगाची भीती. ज्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन प्रत्यारोपण किंवा डायलिसिस चालू होतं, त्यांना डॉक्टरांनी सुचवलं की निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या आताच काढून टाकू या. ३९ जणांनी होकार दिला. जोएल नॉर्तिए आणि सहकाऱ्यांनी २००० साली निकाल छापला. ३९ पैकी १८ जणांच्या काढलेल्या भागात कर्करोग निघाला. उरलेल्या २१ पैकी १९ जणांच्या अस्तरात कर्करोगाच्या वाटेवरचे बदल होते. ज्यांनी ती मुळी एकूण २०० ग्रॅमहून जास्त घेतली होती त्यांच्यात कर्करोग जास्त. धोका मोजण्याच्या इतिहासात हे पान मला फार मोठं वाटतं. इथे धोका म्हणजे नुसता अंदाज राहिला नाही. तो वजनात मोजता आला, दोनशे ग्रॅम, म्हणजे वाण्याच्या तागडीत पावशेराहूनही कमी.

आता क्रोएशियात पुन्हा जाऊन विचारायची वेळ आली. स्लावोन्स्की ब्रोड भागात संशोधक प्रश्नावली घेऊन रोग्यांकडे आणि निरोग्यांकडे गेले. प्रश्न साधे होते. वीस-तीस वर्षांपूर्वी तुमच्या शेतात, कुरणात कुठली कुठली तणं होती? हे झाड ओळखता का? ते किती होतं? आता आहे का? दळण कुठे व्हायचं, भाकरी घरची की बेकरीची? रोग्यांच्या आठवणीतली शेतं लांडग्याच्या पावलाने जास्त भरलेली निघाली. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तोवर तणनाशकं आली होती, यंत्राने कापणी-मळणी होऊ लागली होती, लोक विकतचा पाव खात होते. शेतातून झाड हटलं होतं, आठवणीतून हटलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वीच्या शेताची साक्ष माणसाच्या स्मरणातूनच काढावी लागली.

अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या आर्थर ग्रोलमन यांनी क्रोएशियन सहकाऱ्यांबरोबर त्या स्मरणाला शरीरातला पुरावा जोडला. अरिस्टोलोकिक आम्ल पेशीच्या डीएनएला चिकटून बसतं, आणि तिथे एक ठरावीक चूक करून जातं. डीएनएच्या अक्षरांत ए-टी ही जोडी जिथे असायला हवी तिथे टी-ए उलटी बसते. बाकी विषांमुळे अशी उलटापालट क्वचितच होते. बाल्कनच्या रोग्यांच्या मूत्रपिंडात हे आम्ल चिकटलेलं सापडलं आणि त्यांच्या गाठींत पी-५३ या राखणदार जनुकात तीच चूक सापडली. २००७ साली हे छापलं गेलं. इविच यांच्या सशांनंतर ३८ वर्षांनी.

तैवानची कथा आणखी मोठी आणि दुःखाची, पण ती थोडक्यात सांगतो. वरच्या वाटेच्या कर्करोगाचं प्रमाण तिथे जगात सर्वांत जास्त. नैऋत्य किनाऱ्याच्या खोल विहिरींत आर्सेनिक होतं, त्याने पाय काळे पडायचे आणि लघवीच्या वाटेचे कर्करोगही व्हायचे. त्यात पारंपरिक औषधांची भर. १९९७ ते २००३ या काळात तिथल्या साधारण तीनातल्या एका माणसाला अरिस्टोलोकिक आम्ल असलेलं औषध लिहून दिलं गेलं होतं. २००३ साली तिथे त्यावर बंदी आली. २०१२ साली १५१ रोग्यांच्या अभ्यासात त्यातल्या ६० टक्क्यांच्या मूत्रपिंडात त्या आम्लाची खूण मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने अरिस्टोलोकियाच्या औषधांना माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात २००२ सालीच टाकलं होतं.

आज वरच्या वाटेच्या कर्करोगाचा रोगी दवाखान्यात येतो तेव्हा बहुतेक वेळा तक्रार एकच असते: लघवी लाल झाली, दुखत काही नाही. न दुखणं हाच फसवा भाग. दुखलं तर माणूस धावतो. दुखत नाही म्हणून खतं टाकेपर्यंत, कापूस वेचेपर्यंत, पोरीचं लग्न होईपर्यंत तो थांबतो. निदान झाल्यावर डॉक्टर धोका दोन भागांत वाटतात. गाठ एकच आहे, दोन सेंटिमीटरच्या आत आहे, दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात आणि लघवीतल्या पेशींत सौम्य जातीची दिसते, सीटी स्कॅनमध्ये भिंतीत शिरलेली नाही, तर धोका कमी. मग मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून लेसरने गाठ जाळतात आणि मूत्रपिंड राखतात. पण रोग्याला वर्षानुवर्षं तपासणीला यावं लागतं, आणि तो येणार नसेल तर मूत्रपिंड राखण्यात अर्थ नाही. गाठी अनेक असतील, मोठ्या असतील, उग्र जातीच्या असतील, मूत्रपिंड फुगलेलं असेल, तर धोका जास्त. मग सगळी वाट काढावी लागते. ब्रिटनमधल्या ७१ केंद्रांत २६१ रोग्यांवर झालेल्या ‘पाउट’ चाचणीने २०२० साली दाखवलं की भिंतीत शिरलेल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर लगेच केमोथेरपी दिली तर रोग परतण्याचं प्रमाण बरंच घटतं. शस्त्रक्रियेनंतरही मूत्राशयावर नजर ठेवावी लागते, कारण पाचातल्या एकापासून जवळजवळ निम्म्यांपर्यंत रोग्यांत पुढे मूत्राशयात गाठ येते.

या मापांच्या आधी मात्र चौकशी येते. विडी-सिगरेट किती वर्षं? धंदा काय, रंगाचा, रबराचा, डांबराचा? आईवडील, भाऊबहीण, मामा यांच्यात साठीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कोणाला झाला होता का? असेल तर लिंच सिंड्रोम नावाचा घराण्यातून उतरणारा दोष असू शकतो, आणि मग घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी व्हायला हवी. आणि कधी कुठल्या मुळ्या, काढे, पुड्या घेतल्या?

महाराष्ट्रात कर्करोगाची अशी घरोघरची चौकशी कोणी केली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत डॉ. दाराब जसावाला यांच्या पुढाकाराने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगनोंदणी सुरू केली. पण ती शहराची. शहरात रोगी रुग्णालयात येतो, नोंद आयती मिळते. गावात तो येतच नाही. १९८७ साली बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली, ती बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी. तिथल्या कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भा. म. नेने आणि नोंदणीची पद्धत बसवणाऱ्या डॉ. कस्तुरी जयंत यांनी ठरवलं की रोगी आपल्याकडे येणार नसेल तर आपण त्याच्याकडे जायचं. कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर आणि शाळेत माणसं जमवली, कुठल्या खुणा दिसल्या तर दाखवायला यायचं ते समजावलं, संशयिताला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. लघवीतून रक्त, अंगावरून जास्त जाणं, न भरणारी जखम, गिळताना अडकणं. नोंदवहीत नरसाळ्याच्या कर्करोगासाठी सी-६५ आणि मूत्रवाहिनीच्या कर्करोगासाठी सी-६६ असे रकाने असतात. ते बहुतेक वेळा कोरे किंवा एखाद-दुसऱ्या आकड्याचे असतात. पण तो एक आकडा खरा असायला ३४६ गावांत कोणीतरी पायी हिंडलेलं असावं लागतं.

आता वऱ्हाडाकडे वळतो. इथे किडनीचं नाव काढलं की लोक खारपाणपट्ट्याबद्दल बोलतात, आणि बोलायलाच हवं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या शेकडो गावांखालचं पाणी खारं आहे, आणि तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ते पिऊन काढलं. मूत्रपिंडाच्या तक्रारी त्या पट्ट्यात घरोघरी ऐकू येतात. ते दुखणं स्वतंत्र आहे, त्याची कारणं वेगळी आणि त्याचा जाब शासनाला वेगळा विचारला पाहिजे. ते या कर्करोगाशी जोडून कोणाला घाबरवायचं नाही. वरच्या वाटेच्या कर्करोगाचं वऱ्हाडातलं पान दुसरं आहे, आणि ते धुऱ्यावर आहे.

काळ्या जमिनीच्या वावरात, धुऱ्याला लागून जमिनीवर पसरणारी एक बारीक वेल असते. पानं राखट हिरवी, मधे खाचलेली आणि दोन्ही बाजूंना गोल. हातात धरून पाहिलं तर आकार थेट मूत्रपिंडाचा. चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो, तो बोटांवरून लवकर जात नाही. फूल लहान, नळीसारखं, तोंडाशी जांभळट तपकिरी. लाल अंगाचं, काळ्या पंखांचं एक फुलपाखरू हिच्यावर अंडी घालतं, त्याच्या अळ्या पानं खाऊन मोठ्या होतात आणि पानांतल्या विषामुळे पक्षी त्यांना शिवत नाहीत. ही किडामारी. शास्त्रीय नाव अरिस्टोलोकिया ब्रॅक्टिओलाटा. तिची मोठी बहीण सापसंद, अरिस्टोलोकिया इंडिका, झाडावर चढणारी वेल, विंचू-सापाच्या विषावर नावाजलेली. दोघींतही तेच आम्ल आहे. ग्रीकांनी या कुळाला नाव दिलं ते ‘उत्तम प्रसूती’ या अर्थाचं, कारण तिकडेही सुइणी ती वापरत. मुंबईत औषधभांडाराचे प्रमुख असलेल्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पतींवर लिहिताना या दोघींची नोंद केली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर या मराठी लष्करी डॉक्टरांनी बसूंबरोबर तयार केलेल्या, १९१८ साली निघालेल्या वनौषधींच्या महाग्रंथात त्या आहेत. जुन्या वैद्यांच्या घरी ‘आर्यभिषक्’ या वैद्यकग्रंथाची जीर्ण प्रत असते, तशी परड्यात किंवा बांधावर किडामारी असायची. बैलाच्या जखमेत अळ्या पडल्या की तिचा रस पिळायचा. नावच त्यावरून पडलं. जनावराच्या जखमेवरचा रस आणि माणसाच्या पोटात गेलेला रस यांत फार मोठं अंतर आहे. जंतांवर, पोटदुखीवर, पाळीच्या तक्रारीवर तो पोटातही दिला जात होता.

ब्रुसेल्सच्या व्हानहेरवेघेम यांना हे सुचायला वेळ लागला नाही. १९९७ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ला एक पत्र लिहिलं, भारतीयांतल्या मूत्रपिंडविकारांमागे अरिस्टोलोकिया असू शकेल का, असं विचारणारं. प्रश्न छापून आला तो इंग्रजीत, लंडनच्या नियतकालिकात. तो वऱ्हाडीत, ओसरीवर बसून, ज्यांनी किडामारी उपटली त्यांना विचारायला हवा होता. डवरणी करणाऱ्या सालदाराला, निंदणाला जाणाऱ्या बायांना, गुरं राखणाऱ्याला. तणनाशकाची फवारणी आता आपल्याही वावरात आली आहे. क्रोएशियात जे झालं ते इथेही होतंय: झाड धुऱ्यावरून नाहीसं होईल, आणि साक्ष देणारी माणसं म्हातारी होत आहेत.

लाल लघवी घेऊन दवाखान्यात आलेला सत्तरीचा शेतकरी समोर बसलेला असतो. विडीचं विचारून झालेलं असतं, धंद्याचं विचारून झालेलं असतं, घरच्या दुखण्यांचं विचारून झालेलं असतं. कागदावर आणखी एक ओळ हवी, आणि ती अशी विचारायला हवी: बाबाजी, पोटात जंत झाले म्हणून कधी किडामारीचा रस घेतला व्हता काय? आठवा जरा. किती दिवस? आणि घरात आणखी कोणी कोणी?